घंटेवरची पाटी

माझा मुलगा पाट्या करतो. दारावरच्या, टेबलावरच्या, बक्षिसाच्या कपावरच्या, बागेतल्या बाकावरच्या. पितळेचा पत्रा घ्यायचा, त्यावर मशिनने अक्षरं कोरायची, चार कोपऱ्यांना भोकं पाडायची आणि कुठेतरी ठोकायची, हा त्याचा धंदा. धंदा वाईट नाही. पण माणूस दिवसभर जे हाताळतो ते त्याच्या डोक्यात जातं. आमच्या घराच्या दारावर एक पाटी आहे, फाटकावर एक आहे, गाडीच्या मागे आहे. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा सुनेच्या नावाची पाटी आहे, जणू कोणी चोर येऊन टाकी उचलून नेणार आहे. मी एकदा म्हटलं, "माझ्या कपाळावर पण एक ठोक, म्हणजे मी हरवले तर लोक आणून देतील." तो हसला नाही. विचारात पडला.

त्याचा बाप घंटा ओतायचा. आजेसासरेही ओतायचे. घरामागे भट्टीची शेड होती आणि मी लग्न होऊन आले ती थेट त्या शेडमध्येच आले असं म्हटलं तरी चालेल. घंटेचं काम बघायला सोपं आहे. आतला मातीचा गोळा करायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणावर परत माती. भाजलं की मेण वितळून वाहून जातं आणि जी पोकळी राहते ती घंटा. तिच्यात धातू ओतायचा. माती आणि मेण माझ्याकडे, भट्टी आणि ओतणं ह्यांच्याकडे, अशी आमची वाटणी चाळीस वर्षं चालली. माती बिघडली तर चूक माझी, ओतणं बिघडलं तर चूक मातीची. तेही माझ्याकडेच यायचं.

ओतण्याचा एकच नियम. धार तुटता कामा नये. तांबं आणि कथील वितळलं की त्यांचं भांडं, म्हणजे मूस, साखळीच्या कप्पीवर टांगायची आणि दांडा धरून कलती करायची. एकदा कलली की साचा भरेपर्यंत एका दमात. मधे धार क्षणभर जरी तुटली, तरी आधी पडलेल्यावर साय धरते आणि नंतरचं तिच्यावर बसतं. वरून काही दिसत नाही. पण आत सांधा राहतो, आणि सांधा असलेली घंटा टांगली की कळते. फुटक्या हंड्यासारखी वाजते.

ह्यांची शेवटची घंटा म्हणून जी घरात सांगितली जाते, ती ह्यांनी ओतली नाही. मी ओतली.

तेव्हा हे शेडच्या कोपऱ्यात खाटेवर होते. उठून बसायचं तरी दोन माणसं लागायची. एका बाहेरगावच्या माणसाची मागणी होती, साचा भाजून तयार होता, आणि भाजलेला साचा फार दिवस थांबत नाही. हे म्हणाले, "तू ओत." मी म्हटलं, "मी?" ते म्हणाले, "मग काय, पाटीवाल्याला बोलावू?" मुलगा तेव्हा रस्त्याच्या पलीकडे दुकानात होता. त्याला धुराची ॲलर्जी आहे. फक्त आमच्या धुराची, स्वतःच्या सिगारेटच्या नाही.

मी दांडा धरला. धार चांगली पडत होती. साचा अर्ध्याच्या वर भरला आणि खाटेवर ह्यांना खोकल्याची उबळ आली, अशी, की मला वाटलं संपलं. मी मान वळवली. परत बघितलं तर धार दोऱ्याएवढी झाली होती. तुटली होती की बारीक झाली होती, ते मला दिसलं नाही. मी दांडा खाली ओढला आणि उरलेलं भरलं.

साचा फोडल्यावर घंटा वरून गुळगुळीत निघाली. हे खाटेवरून म्हणाले, "कशी निघाली?" मी म्हटलं, "चांगली." अकराव्या दिवशी हे गेले. ज्याची मागणी होती तो माणूस मातीला आला, घंटेचं नाव न काढता चहा पिऊन गेला.

घंटा टांगल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर ठेवून कितीही टिचक्या मारा, ती मुकीच असते. टांगायला कप्पी होती, पुढे दोन महिने होती, मग मुलाने ती भंगारात विकली. त्या दोन महिन्यांत मी घंटा टांगली नाही. माझं धाडस झालं नाही, दुसरं कारण नाही. पोत्याखाली झाकून ठेवली आणि नऊ वर्षं तिच्याशेजारून सरपण नेलं. कोणी मला विचारलं नाही की ही कोणी ओतली. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आता ती घंटा एकदम आठवायचं कारण म्हणजे जत्रा. टेकडीवरच्या देवस्थानाची जत्रा दरवर्षी भरते आणि तिची एक समिती असते. समितीत गेलं की छातीवर रिबिनीचा बिल्ला येतो, खास रांगेतून जाता येतं आणि लाउडस्पीकरवर नाव येतं. मुलाचा जीव त्या बिल्ल्यात अडकला होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे चपलांचं मोठं दुकान असलेले गृहस्थ. त्यांनी सुचवलं, की देवस्थानाला काहीतरी टिकाऊ द्या. सुनेला शेडमधलं पोतं आठवलं.

"आई, बाबांची शेवटची घंटा आपण देवाला देतोय," मुलगा म्हणाला. "बाबांची आठवण कायमची राहील."

"टांगणार?" मी विचारलं.

"म्हणजे काय? घंटा टांगणारच ना."

नऊ वर्षं मी जे टाळलं ते हा जत्रेत, लाउडस्पीकर लावून करणार होता. पण नको म्हणायला तोंड उघडेना. कारण दुसरीकडून मला ते ऐकायचंच होतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आणखी किती दिवस सरपण नेणार?

घंटा पॉलिश करायला म्हणून तो दुकानात घेऊन गेला. पंधरा दिवस मला दाखवली नाही. "सरप्राइज आहे," सून म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द आला की मी आधी बसून घेते.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मुलगा, सून, माझी लेक आणि मी. घंटा आदल्या दिवशीच टेम्पोने वर गेली होती. मुलाने नवा कोट घातला होता आणि कडक उन्हात तो वाफाळत होता. सून केस करून आली होती आणि गाडीची काच उघडू देत नव्हती. लेक माहेरी आली की आजारी असते, त्यामुळे ती पुढच्या सीटवर. मी मागे, सुनेच्या पर्सशेजारी. पर्सला जास्त जागा होती.

"दादा, भाषण आहे का तुझं?" लेकीने विचारलं.

"दोन शब्द."

"तुझे दोन शब्द आम्ही ओळखतो. गेल्या वेळी शाळेत दोन शब्द बोललास, तेव्हा पोरं घरी जाऊन जेवून परत आली."

"तू खोकत बस," मुलगा म्हणाला.

जत्रा मी लहानपणापासून बघत आले आहे आणि दरवर्षी मला एकच प्रश्न पडतो, की देवाला एवढ्या लोकांमध्ये आपला माणूस ओळखू येतो कसा. टेकडीच्या पायथ्यापासून दोन्ही बाजूंना दुकानं. प्लास्टिकचे चेंडू, प्लास्टिकची फुलं, प्लास्टिकचे देव. एक माणूस फुग्यावर नेम धरायची बंदूक घेऊन बसला होता, तिची नळी मुळातच वाकडी. पलीकडे मोठा पाळणा गरगरत होता आणि त्यातली माणसं देवाला जेवढी हाक मारत होती तेवढी वर देवळात कोणी मारत नव्हतं. दर्शनाची रांग एक साधी, ती उन्हात. एक खास, ती मांडवात. देव एकच, पण त्याच्याकडे जायच्या वाटेवर ऊन कोणाला लागावं हे अध्यक्ष ठरवतात.

आम्ही खास रांगेतून गेलो. एक बाई तान्हं मूल घेऊन साध्या रांगेत उभी होती. सून तिच्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, एवढ्या लहान बाळाला उन्हात कशाला आणायचं? काय लोक असतात!" आणि मांडवात शिरून रुमालाने वारा घालून घेऊ लागली.

देवाचं दर्शन किती वेळ झालं म्हणाल तर मी चप्पल काढून परत घालेपर्यंत. स्वयंसेवक मागून ढकलत होता, "चला आजी, चला, देव पळून जात नाही." मी म्हटलं, "तो नाही जात बाबा, पण तू मला घालवतोयस."

घंटा देवळाबाहेरच्या चौथऱ्यावर टांगली होती. नवी लोखंडी चौकट, नवी साखळी, वर लाल कापड. समोर खुर्च्या. पहिल्या रांगेत समिती, सगळ्यांच्या छातीवर रिबिनी. दुसऱ्या रांगेत आम्ही. अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि ते देवाबद्दल अर्धं मिनिट आणि स्वतःबद्दल पाव तास बोलले. मग मुलाने दोन शब्द सांगितले. त्यात त्याच्या बापाचा कष्टाळू स्वभाव आला, बापाने त्याला भट्टीवर घेतलं ते आलं, बापाच्या हाताखाली तो कसा घडला ते आलं. मी ऐकत राहिले. भट्टीपाशी तो आला होता तो एकदाच, आठवीत असताना, कणीस भाजायला.

"आणि ही माझ्या वडिलांच्या हातची शेवटची घंटा!" असं म्हणून त्याने कापड ओढलं.

टाळ्या पडल्या. घंटा झगमगत होती. आणि तिच्या पुढच्या अंगावर, खाली काठाजवळ, हातभर लांब पितळेची पाटी होती.

मी अक्षरं साठीनंतर शिकले, त्यामुळे अजूनही एकेक अक्षर बघून वाचते. सुटत काही नाही. वर मोठ्या अक्षरांत मुलाचं नाव. त्याखाली सुनेचं. मग दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. ज्याची आठवण कायमची राहायची होती त्याचं नाव अगदी खाली, मुंग्यांनी लिहिल्यासारखं. मला हसू आलं. मला वाटलं, चिकटवली असेल. असो. पाटीवाल्याची खोड ती.

"पहिला मान अध्यक्षांचा!" मुलगा म्हणाला.

अध्यक्षांनी लोलकाची दोरी धरली. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते मला माझे वाटेनात. नऊ वर्षं, आणि आता एक टोला. मी डोळे मिटले.

खडाक्. आणि मागून झर्रर्र.

दुसऱ्यांदा. खडाक्, झर्रर्र. फुटका हंडा. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. एक पोरगी म्हणाली, "ए, डबा वाजला."

सांधा. मला वाटलं, सांधाच. तेव्हा धार तुटली होती तर. मी मान वळवली तेवढ्यात तुटली होती, आणि मी त्यांना खाटेवर खोटं सांगितलं होतं.

अध्यक्षांनी दोरी सोडली आणि हात रुमालाला पुसला, जसं काही लागलं होतं. "जरा... वेगळा आवाज आहे," ते म्हणाले.

मुलाचा चेहरा कोटापेक्षा काळा पडला. पण तो पाटीवाला आहे, दोष कुठे ठोकायचा हे त्याला लगेच सापडतं. "काय आहे साहेब, बाबांचं वय झालं होतं. शेवटी शेवटी हात थरथरायचा. आम्ही म्हणायचो, नका करू, पण ऐकायचे नाहीत."

"अहो, मी तर तेव्हाच म्हणत होते," सून म्हणाली. "बाबांना शेवटी दिसायचंही नाही नीट."

"बाबांचं असंच," लेक म्हणाली. "हट्टी."

म्हणजे तिघांनी मिळून मेलेल्या माणसाला बिल्ल्याच्या बदल्यात विकलं, आणि तेही एका दमात, धार न तुटता.

अध्यक्ष मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पाटी छान झालीय. घंटेचं आपण बघू. माझ्या ओळखीत मशिनवर घंटा करणारी कंपनी आहे. ही उतरवू, ती टांगू, हीच पाटी तिच्यावर लावू."

"चालेल की!" मुलगा म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला, की त्याला स्वतःलाही लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"मग ही?" मी विचारलं.

"भंगारात घेतील ना आई. तांब्याला भाव आहे."

समिती जेवायला उठली. सून फोटो काढायला देवळाच्या पायरीवर गेली. मी खुर्चीवरून उठले आणि चौथऱ्यावर गेले. म्हटलं, भंगारात जायच्या आधी निदान हात तरी लावावा. पाटी वाकवून घंटेच्या अंगाला बसवली होती, पण कडा उचललेल्या होत्या. मी एका कडेला बोट लावलं तर ती थरथरली. चार कोपऱ्यांना चार गोल डोकी. मी घंटेच्या तोंडात हात घातला. आत, काठाजवळ, जिथे लोलक आदळतो, तिथे माझ्या बोटांना चार नट लागले.

मी हात तसाच आत ठेवून मुलाला हाक मारली.

"भोकं पाडलीस?"

"हो ना! अगं, काय कडक धातू होता. ड्रिलची दोन पाती मोडली. तिसरं खास मागवलं." त्याला त्यातही अभिमान होता.

"घंटेला भोकं पाडलीस."

"मग पाटी कशी बसणार?"

"तुझ्या घराण्यात चार पिढ्या घंटा ओतल्या. आणि तू तिच्या ओठाला भोकं पाडून बोल्ट आवळलेस. गाणाऱ्याच्या ओठाला कोणी बटण लावतं का रे?"

"आई, हळू. लोक बघतायत."

"लोकांनीच तर बघावं म्हणून लावलीस ना? काढ ती पाटी. मग वाजवून बघ."

"काढ काय? पाटी काढली तर कळणार कसं की कोणी दिली?"

"देवाला कळेल."

"देवाचं ठीक आहे," तो म्हणाला. "समितीचं काय?"

यापुढे त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. त्याच्याकडे पान्हा मागितला तर म्हणाला दुकानात आहे. आणि असता तरी दिला नसता. मी पायऱ्या उतरून पाळण्याकडे गेले.

पाळणेवाला धिप्पाड माणूस होता. तेलकट बनियन, तोंडात काडी, आणि डोळे सतत पाळण्याच्या आसावर. जत्रेत सकाळपासून मला भेटलेला हा पहिला माणूस, जो आपल्या कामाकडे बघत होता.

"आजी, बसायचंय का? तुम्हाला हळू फिरवतो."

"मला पान्हा पाहिजे. एवढ्या नटाचा." मी बोटांनी माप दाखवलं.

"काय खोलताय?"

"घंटेवरची पाटी."

त्याने काडी या गालातून त्या गालात नेली. "ती मघाशी वाजली तीच का? मला वाटलं पत्र्याचं पिंप पडलं."

"तीच."

"पान्हा देतो, पण लगेच परत पाहिजे. नाहीतर पाळणा निसटला तर लोक थेट देवाकडे जातील, रांग न लावता."

मी वर आले. नटांशी दोन्ही हात पोचावेत म्हणून माइकजवळचं स्टूल घंटेखाली ओढलं आणि लेकीला म्हटलं, धर. ती म्हणाली, तिची पाठ दुखते. मी म्हटलं, पाठीने नको धरू, हाताने धर. तिने धरलं. मुलगा "आई, आई" करत भोवती फिरत होता, पण चौथऱ्यावर चढून मला ओढायची त्याची हिंमत नव्हती, कारण खालून लोक बघत होते. आणि लोक बघत असताना तो फार चांगला मुलगा असतो.

तीन नट सहज निघाले. चौथा गंजला नव्हता, पण वेड्यासारखा आवळला होता. मी दोन्ही हातांनी पान्हा धरला. ह्या हाताने चाळीस वर्षं माती मळलीय, तो एका पाटीवाल्याने आवळलेल्या नटाला काय ऐकतो? निघाला. पाटी खाली पडली आणि मुलाने ती दोन्ही हातांत झेलली. तेवढी चपळाई मी त्याच्यात कधीच पाहिली नव्हती.

पाळणेवाला पान्ह्यासाठी आलाच होता. पाळणा थांबवून आला होता, वर अडकलेली माणसं ओरडत होती.

"जरा थांब," मी म्हटलं. "एक काम कर. मी टोला देते. तू छाती भरून श्वास घे आणि धरून ठेव. आवाज संपला की सोड."

"कशाला?"

आमच्या घरी घंटेची परीक्षा अशीच घ्यायचे. माणसाचा दम आधी संपला पाहिजे, घंटेचा नंतर. हे स्वतःच धरायचे. माझ्या छातीत आता तेवढा दम नाही, आणि दुसऱ्या कोणाची छाती मापायला तिथे नव्हतीच. मुलाची होती, पण ती रिबिनीसाठी राखून ठेवलेली.

"घे श्वास," मी म्हटलं.

त्याने घेतला. मी दोरी ओढली.

आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं दुसरीच घंटा वाजली. जाड, खोल, गोल. टेकडीवरून खाली उतरला आणि लाउडस्पीकरखालून निघून गेला. साध्या रांगेतल्या माणसांनी माना वर केल्या. तान्हं मूल रडायचं थांबलं; घंटेमुळे, की त्याची थांबायची वेळच झाली होती, ते माहीत नाही. मी आवाजात सांधा शोधत होते. कान लावून शोधत होते, जसं तांदळात खडा शोधतात. नव्हता. धार बारीक झाली होती, तुटली नव्हती.

पाळणेवाल्याचा चेहरा लाल झाला. मग जांभळा. डोळे बाहेर आले. शेवटी त्याने फुस्स करून श्वास सोडला आणि गुडघ्यावर हात टेकले. घंटा अजून चालू होती. अगदी शेवटी, आवाज विझताना, त्या चार भोकांपाशी माशी गुणगुणावी तशी एक बारीक कुरकुर आली. ती माझी नव्हती. ती पाटीची होती आणि आता कायमची राहणार.

"आयला आजी," पाळणेवाला म्हणाला, "मारताय काय मला?" आणि पान्हा घेऊन, मान हलवत, खाली गेला. जाताना मी बोल्ट त्याच्या हातात ठेवले. चांगले बोल्ट होते.

समिती हात न धुता धावत आली. अध्यक्षांनी पुन्हा दोरी ओढली, पुन्हा ओढली. मुलाला ते कोपऱ्यात घेऊन गेले आणि पाठ थोपटली. लगेच मुलाचा आवाज चढला. "मी काय म्हणत होतो साहेब? बाबांचा हात म्हणजे हात! असा कारागीर पुन्हा होणे नाही."

"शेवटपर्यंत हात स्थिर होता हो," सून म्हणाली.

"आणि डोळे," लेक म्हणाली. "बाबांचे डोळे कसे घारीसारखे!"

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं असतं तर आत्ताच सांगण्यासारखं होतं, लोकही जमले होते, माइकही चालू होता. पण जी माणसं अर्ध्या तासात एकाच माणसाचा हात थरथरवतात आणि स्थिर करतात, त्यांच्या हातात माझी घंटा द्यायची मला इच्छा नव्हती. ह्यांच्या नावावर ती बरी होती. ह्यांनी मला निदान दांडा तरी दिला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही निघालो. मुलाच्या छातीवर रिबीन होती. पाटी माझ्या मांडीवर, कारण पर्स हलवायची नव्हती.

"भोकं तशीच दिसतात ते बरं नाही," सून म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जाऊन पाटी चिकटवून टाका. तुमच्याकडे काचेला लावायचा तो गम आहे ना?"

"चिकटवली की परत डबा वाजेल," मी म्हटलं.

"मग चौकटीला ठोकू," मुलगा म्हणाला. हा पहिला शहाणा विचार, तोही चुकून. मग त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "आई, नवी पाटी मोठी करता येईल. बाबांच्या घंटेची थोडी हकिगत टाकू खाली. लोकांना आवडतं. बाबा ही ओतत होते, तेव्हा तू कुठे होतीस गं?"

नऊ वर्षांनी त्याने विचारलं.

"तिथेच," मी म्हटलं. "शेडमध्ये."

"बसून होतीस?"

"उभी होते."

"बरं," तो म्हणाला. "ते काय टाकण्यासारखं नाही." आणि त्याने हॉर्न वाजवला, कारण समोर साध्या रांगेतली ती बाई मूल घेऊन रस्ता ओलांडत होती.